दम्याचा पंप एकदा सुरू केला की सुटत नाही, हे खरं आहे का?

नाही, पंपाचं व्यसन लागत नाही. दमा वर्षानुवर्षं राहणारा आजार आहे, म्हणून औषधही बरेच दिवस चालतं.

याच भीतीपोटी माझ्या आईने दोन वर्षं नुसत्या निळ्या पंपावर काढली. धाप लागली की दोन पफ, की पुन्हा कामाला. पण निळा पंप, म्हणजे साल्ब्युटॅमॉल, श्वासनलिकांचे आवळलेले स्नायू ४ ते ६ तास सैल करतो. आतली सूज तशीच राहते. ती उतरवतं श्वासावाटे घ्यायचं स्टेरॉइड. मोठ्यांनी नुसत्या निळ्या पंपावर भागवू नये, असं दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना २०१९ पासून सांगतायत. स्टेरॉइड म्हटल्यावर दचकू नका. पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, गोळीतला मिलिग्रॅममध्ये. पंप घेतल्यावर चूळ मात्र नक्की भरा, नाहीतर तोंडात बुरशी धरते.

आईला खरा फरक पडला तो स्पेसरने, म्हणजे पंपाला जोडायच्या, औषध क्षणभर धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या नळीने. आधी ती पंप दाबायची आणि मग श्वास ओढायची, त्यामुळे औषध सगळं जिभेवर! आता आधी श्वास पूर्ण सोडते, स्पेसर ओठांत घट्ट धरते, पंप दाबून सावकाश श्वास ओढते आणि १० सेकंद रोखते. रात्री उशीला टेकून बसणं थांबलं तिचं.

साधारण ३ महिने दमा ताब्यात राहिला की डॉक्टर डोस कमी करून बघतात. आपल्या मनाने बंद करू नका. आणि बोलताना वाक्य पुरं होत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर लगेच दवाखाना गाठा.