फिल्मशाळेचं पहिलं वर्ष: वाचक विचारतात

नव्या फिल्मविद्यार्थ्यांची पत्रं या महिन्यात बरीच आली. पहिला सराव बिघडला, पण नेमका कशामुळे ते उमगत नाही, असा बहुतेकांचा सूर आहे. त्यांतली चार पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न: संवादाच्या सरावात आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला. क्लॅप (चित्र आणि आवाज जुळवायला टेकच्या सुरुवातीला वाजवायची पाटी) व्यवस्थित दिला होता. तरी टेकच्या सुरुवातीला ओठ जुळतात आणि शेवटाकडे आवाज मागे पडत जातो. असं का? (पुणे)

आधी फरक मोजा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तो सारखाच असेल, तर क्लॅप चुकीच्या फ्रेमवर जुळवलाय. तुमच्यासारखा वाढत जात असेल, तर दोष फ्रेमरेटचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) त्या आकड्याचा. कॅमेऱ्याच्या मेनूत ‘24पी’ लिहिलेलं असलं तरी बऱ्याच कॅमेऱ्यांत ते प्रत्यक्षात 23.976 असतं. एडिटिंगमध्ये क्लिपच्या गुणधर्मांत कुणी ते 24 केलं, की चित्र 0.1 टक्का वेगानं पळतं आणि आवाज आपल्या मूळ चालीनं चालत राहतो. 2 मिनिटांच्या टेकमध्ये साधारण 3 फ्रेम जातात, 10 मिनिटांत 14. तीन फ्रेमचा फरक क्लोजअपमध्ये लगेच डोळ्यांत येतो. ‘प’, ‘ब’, ‘म’ म्हणताना ओठ मिटतात, तिथे बघा.

क्लिपचा रेट पुन्हा 23.976 करा, टाइमलाइनही (एडिटिंगमध्ये क्लिप मांडायची पट्टी) तशीच ठेवा. पुढच्या वेळी फुटेज आत घेण्याआधीच टाइमलाइनचा रेट ठरवून टाका, नंतर बदलणं जिकिरीचं होतं. रेकॉर्डर 48 किलोहर्ट्झ, 24 बिटवर हवा. शूटच्या सकाळी कॅमेरा आणि आवाज सांभाळणाऱ्या दोघांनी हे आकडे एकमेकांना मोठ्यानं वाचून दाखवावेत आणि कॅमेरा रिपोर्टवर लिहावेत. लांब टेकच्या शेवटी पाटी उलटी धरून दुसरा क्लॅप द्या, म्हणजे फरक किती ते तिथेच कळतं.

प्रश्न: भाड्याच्या फ्लॅटमध्ये शूट केलं. बूम (लांब दांडीवरचा माइक) होता, आवाजाची पातळीही ठीक होती. पण कट केल्यावर प्रत्येक शॉटचा आवाज वेगळ्या खोलीतला वाटतो. शिवाय ट्यूबलाइटच्या शॉटमध्ये पट्टे सरकतात. (कोल्हापूर)

आवाजाचं आधी, कारण पहिल्या वर्षाच्या फिल्मा चित्रापेक्षा आवाजानंच जास्त पडतात. चित्रातली उणीव प्रेक्षक पोटात घालतो, संवाद कळला नाही तर तो फिल्ममधून बाहेर येतो.

लहान खोलीत लांब शॉटगन माइक (नळीसारखा, समोरचा आवाज पकडणारा) भिंतींवरून परतणारा आवाजही उचलतो. घरात हायपरकार्डिऑइड (अरुंद कोनाचा आखूड माइक) बरा. तोंडापासून दीड ते दोन फूट अंतर ठेवा, माइक वरून, छातीच्या दिशेनं रोखलेला. वाइड शॉटमध्ये बूम लांब जातो आणि खोलीच जास्त ऐकू येते. म्हणून वाइड संपल्यावर तेच संवाद कॅमेरा बंद ठेवून, माइक जवळ घेऊन पुन्हा म्हणवून घ्या. बोलण्याची टोकं रेकॉर्डरच्या मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू द्या. समोरच्या भिंतीवर गोधड्या टांगल्या, फरशीवर सतरंजी टाकली तरी बराच फरक पडतो.

पंखा, फ्रिज, पाण्याची मोटर बंद करा. फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली आत ठेवायची, ही सेटवरची जुनी युक्ती: किल्ली घेतल्याशिवाय घरी जाता येत नाही, त्यामुळे फ्रिज पुन्हा सुरू करायचा राहत नाही. आणि रूमटोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज, घ्या. सीन संपला की कुणालाही हलू न देता, दिवे तसेच ठेवून, पूर्ण 60 सेकंद. माणसं बाहेर गेली की खोलीचा आवाज बदलतो, म्हणून ‘नंतर घेऊ’ म्हणून भागत नाही. हा रूमटोन कटांच्या खाली सलग अंथरला की शॉट एका खोलीतले वाटू लागतात.

पट्ट्यांचं कारण शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ प्रकाश मिळतो ते. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साध्या चोकची ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. शटर 1/50 सेकंद ठेवलं तर प्रत्येक फ्रेमला बरोबर दोन स्पंदनं मिळतात. 1/60 वर हिशेब जुळत नाही आणि पट्टे येतात. कॅमेरा शटर अंशांत दाखवत असेल तर 24 फ्रेमला 172.8 अंश, 25 फ्रेमला 180. स्वस्त एलईडीचा मात्र भरवसा नाही; एक टेक घेऊन मोठ्या मॉनिटरवर पाहा.

प्रश्न: मुलगी फिल्मशाळेत लागली. कॅमेरा घेऊन द्यावा का? (नाशिक, पालक)

पहिल्या वर्षी नको. कॅमेरा शाळा देते. कान पूर्ण झाकणारे चांगले हेडफोन, दोन हार्डडिस्क, मोजपट्टी, गॅफर टेप (सेटवरची कापडी चिकटपट्टी) आणि जाड वही द्या. सेकंदाला 100 मेगाबिटच्या फुटेजला तासाला 45 जीबी लागतात, त्यानुसार डिस्क निवडा. दोन ठिकाणी प्रत झाली आणि दोन्हीकडची फाइल उघडून पाहिली, मगच कार्ड फॉरमॅट करायचं, ही सवय तिला लागू द्या. एक डिस्क शूटच्या बॅगेत, दुसरी खोलीवर.

प्रश्न: मी मराठी माध्यमातला. वर्गात फिल्मवरची चर्चा इंग्रजीत चालते, मी गप्प बसतो. काय करू? (बीड)

चर्चेत वजन निरीक्षणाला येतं, आणि ते मराठीत उत्तम करता येतं. आठवड्याला एका फिल्ममधला 5 मिनिटांचा सीन घ्या. एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा डोळे मिटून ऐका. मग वहीत शॉट मांडा: क्रमांक, किती सेकंद, लाँग की मिड की क्लोज, कॅमेरा हलला तर कुणाच्या हालचालीबरोबर, आणि पुढच्या शॉटचा आवाज कटच्या आधी सुरू झाला का. ‘दार उघडायच्या दीड सेकंद आधी कडीचा आवाज येतो, म्हणून ती दचकते ते आपल्याला आधीच ठाऊक असतं’ असं नेमकं वाक्य मोडक्या इंग्रजीत सांगितलं तरी वर्ग ऐकतो. न जमल्यास हिंदीत सांगा, मराठीत सांगा, शेजारचा कुणीतरी समजावेल.

एफटीआयआय (भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था) 1960 पासून पुण्यात प्रभातच्या जुन्या स्टुडिओत आहे, आणि 1964 साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही त्याच लॉ कॉलेज रस्त्यावर. पुण्यात असाल तर संग्रहालयातले खेळ चुकवू नका. अंधारात लिहायची सवय करा, ओळी एकमेकींवर चढल्या तरी चालतील, रात्री खोलीवर गेल्यावर त्या सुवाच्य उतरवून काढा.