ठाण्याजवळ स्वयंसेवक म्हणून घर बांधायला जायचंय. बांधकामातलं काही येत नसेल तर तिथे खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीच्या तुमच्या ऑफिसातून मार्चमध्ये शहापूर तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर घर बांधायला नेणार आहेत. तुम्ही आजवर थापी हातात धरलेली नाही, आणि सगळं फोटोपुरतंच असेल अशी शंका येतेय.

उपयोग होतो. पण तुमच्या प्रश्नातल्या 'मार्च' या शब्दाला मी अडखळले, म्हणून जरा लांबलचक लिहितेय.

मी कळव्याची. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. गेल्या काही वर्षांत शहापूरकडच्या चार घरांवर काम केलं. पहिलं घर मार्चमधलंच. पहाटे ऑफिसची बस, सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट, नारळ, बॅनर. आम्ही अठ्ठावीस जण, आणि खरं काम येणारे तिघे: एक गवंडी, दोन बिगारी. पाया आणि जोतं आधीच झालेलं होतं, आम्हाला भिंती उचलायच्या होत्या.

थापी आम्हाला मिळाली ती फोटोपुरतीच, आणि ते बरंच झालं. वीट रचणं बघायला सोपं वाटतं. पण ओळंब्यात, म्हणजे अगदी उभी सरळ, भिंत ठेवणं, दोरीला धरून थर सरळ नेणं आणि उभा सांधा खालच्या सांध्यावर येऊ न देणं ही हाताला वर्षानुवर्षं लागलेली सवय असते. आमचं काम विटा भिजवायच्या, रेती चाळायची, माल, म्हणजे सिमेंट-रेतीचं मिश्रण, कालवायचा आणि घमेली पोचवायची. माझ्याबरोबरच्या एकाला हे फार कमीपणाचं वाटलं. पण हिशेब करून बघा. गवंड्याला वीट आणि माल हाताशी मिळत राहिला तरच त्याचा दिवस भरतो. तो घमेल्याची वाट बघत बसला की मजुरी चालू आणि भिंत बंद. अडाणी हातांचा उपयोग इथे असतो, आणि तो खराखुरा असतो.

एक चूक मात्र आम्ही केली, ती तुम्ही करू नका. उत्साहाच्या भरात दोन गोणी सिमेंटचा माल एकदम कालवला. सिमेंटमध्ये पाणी पडलं की घड्याळ सुरू होतं. माल तासाभरात संपवावा लागतो. नेमकी तेव्हाच जेवणाची सुट्टी झाली आणि त्यानंतर साहेबांचं भाषण. परत आलो तर माल घट्ट. कोणीतरी त्यात पुन्हा पाणी ओतून ढवळायला घेतलं, तेव्हा गवंडी पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोलला, ‘‘मॅडम, त्याला हात लावू नका, तो गेला.’’ गेलेला माल अंगणात पसरला गेला. शंभर किलो सिमेंट.

तरी संध्याकाळी भिंती चार फुटांवर आल्या होत्या. त्याहून जास्त एका दिवसात चढवत नाहीत, खालचा ओला माल वजनाने दबतो. फोटो काढले आणि बस निघाली.

बारा दिवसांनी मी एकटीच परत गेले. समाजसेवेसाठी नाही, घर बांधणाऱ्या संस्थेच्या दुसऱ्या हप्त्याचं बिल पास करण्याआधी काम डोळ्यांनी बघून यायचं होतं म्हणून. आसनगाव लोकल, पुढे रिक्षा, पुढे चालत. गवंडी पश्चिमेच्या भिंतीसमोर उभा होता. त्याने खिशातला खिळा काढून सांध्यावर ओढला आणि माल वाळूसारखा भुरभुर खाली आला. ‘‘पाणी नाही मिळालं हिला,’’ तो म्हणाला.

सिमेंट वाळून पक्कं होतं असं मला चाळिशीपर्यंत वाटत होतं. ते पाण्याशी मिळून पक्कं होतं. म्हणून विटा आधी बुडवून ठेवतात, नाहीतर कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते. आणि म्हणून नव्या भिंतीवर निदान सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं. मार्चमध्ये पश्चिमेचं ऊन भिंतीवर पडत असताना दोन वेळाही पुरत नाहीत.

पाणी मारणार कोण होतं? घरात फक्त आजी. घरमालक नवरा-बायको भिवंडीकडच्या वीटभट्टीवर. तुम्ही नवी मुंबईतले, कदाचित माहीत नसेल म्हणून सांगते. ठाणे-रायगडमधली बरीच कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पावसाळ्यात मालकाकडून घेतलेली उचल मोसमभर विटा पाडून फेडायची. जोडीने दिवसाला हजारभर विटा पाडायच्या, आठवड्याला बाजाराच्या दिवशी खर्ची मिळते. दरवर्षी एवढ्या विटा पाडणाऱ्यांचं स्वतःचं घर कुडाचं, कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपलेलं. त्यांच्या विटांच्या घराची भिंत उभी राहत होती तेव्हा ते दोघं दुसऱ्यांच्या घरासाठी विटा पाडत होते.

आणि पाणी तरी कुठून आणायचं? वाडीची विहीर तळाला गेलेली, टँकर एक दिवसाआड यायचा, त्या आठवड्यात चार दिवस आलाच नाही. हा शहापूर तालुका आहे बरं का. तानसा इथे, मोडकसागर इथे, भातसा इथे. मुंबईच्या पाण्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसाचं. तानसा धरण तर 1892 पासून मुंबईला पाणी देतंय. तुम्ही-आम्ही ऑफिसात जे बटण दाबून पाणी पितो त्यातलं कितीतरी पाणी या तालुक्याच्या पोटातून जातं, आणि उन्हाळ्यात इथल्या वाड्यांना टँकर लागतो. आजीने चार दिवस भिंतीला पाणी मारलं, मग घरात प्यायलाच उरेना तेव्हा थांबवलं. ती मला समजावून सांगत होती, जणू तिचंच काही चुकलं होतं. मला मान वर करता येईना.

पश्चिमेची भिंत जोत्यापर्यंत उतरवली. बाकी तीन सावलीमुळे वाचल्या. गवंड्याचे दोन दिवस आणि काही विटा गेल्या. संस्थेने खर्च उचलला आणि तो बिलात ‘इतर’ या सदरात आला. ‘इतर’मध्ये काय काय लपतं हे अकाउंट्सवाल्यांना विचारा.

आता मार्चच का, ते सांगते, कारण ते माझ्याच टेबलावर घडतं. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. वर्ष संपतं 31 मार्चला. जानेवारीत कोणाला तरी आठवतं की पैसे उरलेत, फेब्रुवारीत संस्था शोधली जाते आणि मार्चमध्ये बस निघते. म्हणजे विहीर आटलेली, घरचे भट्टीवर, ऊन डोक्यावर, अशा बरोबर त्या वेळी आपण घर बांधायला पोचतो. यात दुष्टपणा कोणाचाच नाही, नुसतं कॅलेंडर चुकलेलं असतं.

दुसऱ्या घराच्या वेळी मी जुलैपासून डोकं खाल्लं आणि काम दसऱ्यानंतर लगेच सुरू करायला लावलं. संस्थेची बाई आधी नको म्हणाली, कारण तेव्हा भातकापणी असते आणि बिगारी मिळत नाहीत. पण बिगारी मिळत नाहीत तेव्हाच तर आमच्यासारख्या बिनकामाच्या लोकांची गरज! मार्चमध्ये आम्ही अठ्ठावीस जण दोन बिगाऱ्यांच्या पायात येत होतो. ऑक्टोबरमध्ये एक गवंडी आणि आम्ही आठ जण, आणि आमच्याशिवाय घमेलं उचलायला दुसरं कोणी नव्हतं. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर माझ्या मते एवढंच आहे. हात तेच, महिना बदलला की उपयोग बदलतो.

आणखी एक गोष्ट झाली, जी मी ठरवलेली नव्हती. घरचे दोघं तिथेच होते, भट्टीवर जायचे होते दिवाळीनंतर. विटांचा ट्रक आला तशी घरची बाई पुढे झाली. दोन विटा उचलून एकमेकींवर आपटल्या, आवाज ऐकला, एक बाजूला टाकली. खणखणीत वाजली तर भाजलेली, बद्द वाजली तर कच्ची. ट्रक खाली होईपर्यंत तिने दीड-दोनशे विटा बाद केल्या. ट्रकवाला हुज्जत घालायला लागला तेव्हा तिने त्याला ती वीट भट्टीत कुठल्या बाजूला असणार तेही सांगितलं. गवंडी काही बोलला नाही, पण त्यानंतर दारा-खिडक्यांच्या कडेला लावायच्या विटा तो तिलाच निवडायला सांगायचा. आम्ही वीट दोन्ही हातांनी पोटाशी धरून नेत होतो, ती डोक्यावर दहा-बारा घेऊन आमच्या शेजारून जायची. मला म्हणाली, ‘‘बाय, मान नको वाकवू, कंबरेतून चाल.’’ मी चालले. तीन विटा.

विहीर काठोकाठ होती. नऊ इंची भिंतींना आम्ही गोणपाट गुंडाळलं, म्हणजे एकदा भिजवलं की दुपारपर्यंत ओल टिकते. तिच्या शाळकरी मुलाने शाळेत जायच्या आधी आणि आल्यावर पाणी मारायचं काम अंगावर घेतलं. पंधरा दिवसांनी खिळा ओढून बघितला, ओरखडासुद्धा उठला नाही.

हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीसारखं खरंच होतं का, असंही तुम्ही विचारलंय. स्वयंसेवकांना घेऊन घरं बांधणारी ती संस्था मिलर्ड आणि लिंडा फुलर या दांपत्याने 1976 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात सुरू केली. भारतात ती 1983 पासून आहे. 2006 मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर आपल्या लोणावळ्याजवळ येऊन आठवडाभर विटा रचून गेले होते, शंभर घरांचा प्रकल्प होता. त्यांच्या पद्धतीत मला सगळ्यात पटतं ते म्हणजे घरवाल्यांनी स्वतः कामाचे तास भरायचे, घरात पैशासारखाच घामाचाही वाटा. पण तिकडची चित्रं डोक्यात ठेवून जाऊ नका. अमेरिकेत लाकडी सांगाड्याचं घर असतं, दहा माणसं हातोडा घेऊन जमली की दिवसात भिंत उभी दिसते. आपली भिंत विटा, रेती, सिमेंटची. तिला माणसं वाढवून घाई करता येत नाही.

सरकारी घरकुलाशी या कामाचा संबंध असतो, तेही विचारून घ्या. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराला सपाट भागात 1 लाख 20 हजार मिळतात आणि घर किमान 25 चौरस मीटरचं हवं. कातकरी हे महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक, त्यांच्यासाठी 2023 मध्ये पीएम-जनमन ही केंद्राची योजना आली, तिच्यात 2 लाखांचं घरकुल. पैसे बांधकामाच्या टप्प्याटप्प्याने खात्यात येतात. पहिला हप्ता संपून दुसरा येईपर्यंत जोत्यावर गवत उगवलेली घरं मी पाहिलीत. संस्था बऱ्याचदा ही मधली फट भरते. पण घराखालची जागा कोणाची? बऱ्याच वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या किंवा वनखात्याच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या बसलेल्या आहेत. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, घराची नोंद कोणाच्या नावाने होणार आहे हे संस्थेला विचारा. प्रश्न ऐकून संस्थेचा माणूस खूश झाला तर संस्था चांगली आहे समजा.

बाकी तयारी किरकोळ आहे. पूर्ण बाह्यांचा जुना सुती शर्ट, बूट, रबरी हातमोजे. ओलं सिमेंट कातडी खातं, दिवसभर लक्षात येत नाही, रात्री बोटांच्या पेरांना भेगा पडतात, तेव्हा खोबरेल तेल. प्यायचं पाणी स्वतःचं न्या, निदान तीन लिटर, त्यांच्या हंड्यातलं पिऊ नका, मार्चमध्ये तर नक्कीच नको. बायकांनी स्वच्छतागृहाची चौकशी आधीच करावी, आयोजक विसरतात. घरच्यांचे फोटो विचारून काढा, पोरांना चॉकलेटं वाटू नका. आणि मधल्या सुट्टीत माल कालवलेला ठेवू नका, हे दुसऱ्यांदा सांगतेय कारण तुम्ही विसरणार आहात.

तारीख बदलता येत असेल तर बदला. एचआरला सांगा की घाई पैशांची असली तरी माणसं ऑक्टोबरला गेली तरी चालतात. मग पैशांचा खर्च कसा दाखवायचा ते तुमच्या ऑडिटरला आधी विचारा. तारीख बदलतच नसेल तर दोन गोष्टी बजेटमध्ये घालून घ्या: दहा दिवसांचा पाण्याचा टँकर, आणि तेवढे दिवस पाणी मारणाऱ्या वाडीतल्याच एका माणसाची मजुरी. तुमच्या एका दिवसाच्या बसभाड्याशी तुलना करून बघा, रक्कम ऐकून कोणी नाही म्हणणार नाही. आम्ही टँकरचं बिल आता सरळ ‘बांधकाम साहित्य’ या सदरात टाकतो. ऑडिटरने एकदा विचारलं होतं, पाणी हे साहित्य कसं? मी त्याला खिळ्याची गोष्ट सांगितली. त्याने टिक मारली.