पॉकेट खोल निघालं म्हणून लेकीचा गोल रद्द झाला: अपील करावं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पावसातला लॅक्रॉसचा सामना (टोकाला जाळी असलेल्या काठीने बॉल झेलत-फेकत गोल करायचा खेळ), शेवटच्या मिनिटाला तुमच्या लेकीने बरोबरीचा गोल केला, समोरच्या कोचने लगेच तिची स्टिक तपासायला लावली, पॉकेट (म्हणजे बॉल जिथे बसतो ती जाळीची झोळी) खोल निघालं, गोल रद्द झाला आणि सामना एका गोलाने गेला. वर प्रेक्षकांतून कुणीतरी तिला ‘चीटर’ म्हटलं. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: अपील करावं का, आणि त्या कोचचं वागणं खिलाडूवृत्तीला धरून होतं का. माझ्या दोन्ही मुली अमेरिकेत मेरीलँडमध्ये शाळेकडून लॅक्रॉस खेळल्या, आणि त्यांच्यामागे पळता पळता मी स्वतः अंपायरिंग शिकले, त्यामुळे मैदानाच्या दोन्ही बाजू बघितल्या आहेत.

अपील करू नका. पॉकेट खोल होतं, तपासणी पुढच्या ड्रॉच्या (गोलनंतर खेळ पुन्हा सुरू होतो त्याच्या) आधी मागितली होती, मग गोल रद्द होणारच. बहुतेक राज्यांत शालेय क्रीडा संघटना अंपायरच्या निर्णयावर प्रोटेस्ट ऐकून घेत नाहीत, आणि इथे तर निर्णय बरोबरच आहे. तुमची लेक मात्र चीटर नाही. हे तुम्ही तिला आजच्या आज, स्पष्ट शब्दांत सांगा.

हा नियम एवढा कडक का, ते समजलं की राग थोडा निवळेल. मुलांच्या लॅक्रॉसमध्ये हेल्मेट, पॅड आणि अंगाला अंग भिडवणं असतं. त्यांचं पॉकेटही खोल चालतं. बॉलचा वरचा भाग साइडवॉलच्या (जाळीभोवतीच्या चौकटीच्या बाजूच्या भिंतीच्या) खालच्या कडेच्या खाली गेला नाही म्हणजे झालं. मुलींचा खेळ वेगळ्या वाटेने वाढला. १८९० मध्ये स्कॉटलंडच्या सेंट लेनर्ड्स शाळेत मुली तो खेळल्या. तिथेच शिकलेल्या रोझाबेल सिंक्लेअर यांनी १९२६ मध्ये बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत तो सुरू केला, आणि तेव्हापासून अंगाने न भिडता खेळणं ही त्याची ओळख राहिली. आता अंगाने अडवायचं नाही, तर बॉल काढून घेण्याचा मुख्य मार्ग उरतो, तो म्हणजे स्टिकने स्टिकला टोला मारून बॉल पाडणं. पॉकेट खोल असेल तर बॉल आत रुतून बसतो, टोल्याने पडत नाही आणि शॉटही जास्त जोरात जातो. मग बचाव करणाऱ्या मुलीच्या हातात काहीच राहत नाही. म्हणून मुलींसाठी नियम असा की स्टिक आडवी धरून बॉल पॉकेटमध्ये टाकला की त्याचा माथा साइडवॉलच्या वर दिसलाच पाहिजे. दोन-चार मिलिमीटरवरून भांडण होतं ते यामुळे.

आता पावसाचं. पारंपरिक पॉकेटमध्ये चामड्याच्या दोऱ्या असतात. चामडं भिजलं की सैल पडतं, आणि बॉल पुन्हा पुन्हा त्याच जागी बसून पॉकेट आणखी खाली ओढतो. चार वाजता पास झालेली स्टिक साडेपाचला नापास होऊ शकते, आणि त्यात मुलीने काहीही केलेलं नसतं. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की पावसाच्या दिवशी शिटी वाजवायच्या आधीच मी दोन्ही संघांना सांगायचे, ‘दोऱ्या आवळून घ्या, मध्यंतरात पुन्हा बघा.’

आणखी एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. घरी आपण बॉल पॉकेटमध्ये नुसता ठेवतो, माथा वर दिसतो, आणि आपण खूष होतो. अंपायर मात्र बॉल एका हाताने बेताने दाबतो, हात काढतो आणि मग बघतो. घरची पास स्टिक मैदानावर नापास होते ती इथेच. तेव्हा घरीही दाबून बघा. मग स्टिक उलटी करा, बॉल सहज खाली पडायला हवा.

त्या कोचबद्दल माझं मत सरळ आहे, पण एका गोष्टीवर अवलंबून आहे: तिला हे कधी दिसलं? तपासणी मागणं हा तिचा हक्क आहे. गोल होताना पॉकेट पहिल्यांदाच खटकलं आणि तिने मागणी केली, तर त्यात काहीही गैर नाही. तिच्याही संघात मुली आहेत, त्यांचा बचाव फुकट जात असेल तर बोलणं तिचं काम आहे. पण वॉर्म-अपलाच दिसलं असेल आणि नेमका गोल पडेपर्यंत तिने ते पोटात ठेवलं असेल, तर नियम मोडला नाही तरी मला ते पटत नाही.

माझ्या एका सामन्यात हेच झालं होतं. बरोबरीचा गोल, तपासणीची मागणी, मी बॉल दाबला आणि माथा खाली गेला. गोल रद्द केला. सामन्यानंतर त्या कोचने मला अगदी सहज सांगितलं की ‘मला पहिल्या दहा मिनिटांतच दिसलं होतं.’ मी काही करू शकत नव्हते, नियम तिच्या बाजूने होता. पण ती पंधरा वर्षांची मुलगी स्टिक परत घ्यायला हात पुढे करून उभी होती, तो हात मला अजून दिसतो. चार वर्षं झाली.

याच्या उलटही पाहिलंय. एक कोच सामन्याआधी माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘पाऊस आहे, त्यांच्या सात नंबरची स्टिक एकदा बघा, आणि आमच्याही दोघींच्या बघा.’ तिन्ही स्टिकच्या दोऱ्या आवळल्या आणि सामना छान झाला.

आपल्याला हा वाद नवा नाही. १९४७ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात विनू मंकड यांनी बिल ब्राउनला नॉन-स्ट्रायकर एंडला धावबाद केलं, त्यावरून किती गदारोळ झाला! पण त्याच दौऱ्यात आधीच्या एका सामन्यात मंकड यांनी त्याला ताकीद दिली होती, हे फार लोक विसरतात. खुद्द ब्रॅडमन यांनी मंकड यांची बाजू घेतली. ताकीद देणं नियमाने बंधनकारक नव्हतं, तरी त्यांनी ती दिली. त्या कोचकडून मला एवढीच अपेक्षा आहे.

डोळ्यांच्या आणि दातांच्या सुरक्षेचे नियम मात्र या हिशेबात धरू नका. मुलींना गॉगल्स २००५ पासून सक्तीचे आहेत, आणि माउथगार्ड पांढरा किंवा पारदर्शक चालत नाही, कारण तो तोंडात आहे की नाही ते लांबून दिसलं पाहिजे. समोरच्या संघातल्या मुलीच्या तोंडात माउथगार्ड नसेल तरी लगेच अंपायरला सांगा. तिथे हक्क, डावपेच, वेळ साधणं काही नाही. (हेडगियरचा, म्हणजे डोक्यावरच्या संरक्षक टोपीचा, वाद वेगळा आहे. फ्लोरिडाने ते सक्तीचं केलंय, बाकी बहुतेक ठिकाणी ऐच्छिक आहे. विचारलंत तर त्यावर वेगळं लिहीन, माझं मत घालावं असंच आहे.)

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगते. शाळेला रागाची ई-मेल पाठवू नका. तुमच्याच कोचशी शांतपणे बोला आणि पावसाच्या दिवशी प्रत्येक ब्रेकला सगळ्या मुलींच्या स्टिक बघायची सवय लावायला सांगा. बॅगेत एक बॉल आणि कोरडा टॉवेल ठेवा. दुसरी तयार स्टिक हवीच. मेशचं (चामड्याऐवजी कृत्रिम धाग्याच्या विणलेल्या जाळीचं) पॉकेट पाण्याने चामड्याइतकं बदलत नाही, तर दुसरी स्टिक मेशची घेतलीत तरी चालेल. मुलींच्या खेळात पूर्वी मेशला परवानगी नव्हती, आता आहे. आणि लेकीला एक बजावून सांगा: तपासणी मागितली की दोऱ्यांना हात लावायचा नाही, स्टिक आहे तशी अंपायरच्या हातात द्यायची. घाबरून दोऱ्या ओढणाऱ्या मुली मी पाहिल्यात. तो वेगळा गुन्हा धरला जातो, आणि मग ‘मुद्दाम केलं’ हा शिक्का पुसणं खरंच कठीण होतं.

पॉकेट बांधायला तिला स्वतःला शिकवा. माझ्या धाकटीने आठवीत शिकून घेतलं, नंतर अर्धा संघ तिच्याकडे स्टिक घेऊन यायचा.

याच संघाशी पुन्हा गाठ पडेल तेव्हा सामन्याआधी अंपायर मैदानावर दिसले की तिलाच दोन्ही स्टिक घेऊन त्यांच्याकडे जाऊ दे. ‘माझ्या दोन्ही बघता का?’ एवढंच विचारायला सांगा, आणि तुम्ही कडेला थांबा.