एजन्सी म्हणते 'पोलीस व्हेरिफिकेशन झालंय'. बाळ सांभाळणाऱ्या मावशींबद्दल आणखी काय तपासायचं?

तुमचं बाळ सात महिन्यांचं, पुढच्या महिन्यात ऑफिस सुरू, पुण्यातल्या एजन्सीने पाठवलेल्या मावशी 'पोलीस व्हेरिफाइड' आहेत, आणि त्यांना वाईट न वाटता चौकशी कशी करायची, असं तुम्ही विचारलंय. आधी त्या 'व्हेरिफाइड'बद्दल बोलते, कारण फसगत तिथेच होते.

एजन्सीकडे तो कागद मागा. अशी एक फाइल नीट पाहिलेली आहे, तीच सांगते. प्लॅस्टिकचं फोल्डर, वर रंगीत फोटो, खाली आधारची झेरॉक्स, त्याखाली घरकामगाराच्या माहितीचा फॉर्म आणि कोपऱ्यात निळा गोल शिक्का. बाळाचे आईवडील त्या शिक्क्यावर बोट ठेवून म्हणत होते, हे बघा, झालंय. शिक्क्यात होता आवक क्रमांक आणि तारीख. म्हणजे ती पोचपावती होती. अर्ज पोलीस ठाण्यात पोचला, एवढंच ती सांगते. चौकशी झाली का, कोणी केली, काय निघालं, यातलं एक अक्षरही त्यावर नव्हतं. तारीख तीन वर्षांपूर्वीची, कामाचं ठिकाण भलत्याच कुटुंबाचं. सध्याचा पत्ता म्हणून एजन्सीच्या ऑफिसचा पत्ता. मूळ गावाचा रकाना कोरा. आधीच्या घरांचे म्हणून दोन नंबर होते. त्यातला एक पैसे पाठवायच्या ॲपमध्ये टाकला, तर बँकेतलं नाव आलं ते एजन्सीत फोन उचलणाऱ्या माणसाचं. एजन्सीने फी आधीच घेतली होती.

तुम्हाला हवं ते चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र. त्याचा अर्ज मावशींनी स्वतःच्या नावाने करायचा असतो, महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर. शेजारी बसून भरून द्या, फी तुम्ही भरा. मूळ गाव, तालुका, तिथलं पोलीस ठाणं आणि मधल्या काळात जिथे जिथे राहिल्या ते सगळे पत्ते घाला. पुण्यात येऊन आठ महिने झाले असतील आणि फक्त पुण्याचा पत्ता दिला, तर शोध अपुरा राहू शकतो. आणि सगळं नीट झालं तरी प्रमाणपत्र सांगतं ते एवढंच, की त्या तारखेपर्यंत नोंद सापडली नाही. तक्रारच झाली नसेल तर नोंद कुठून येणार?

'आम्ही ऑनलाइन नाव शोधलं, काही निघालं नाही' हेही लोक समाधानाने सांगतात. पोलिसांच्या संकेतस्थळावर एफआयआर दिसतात, पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशाप्रमाणे लैंगिक गुन्ह्यांचे आणि पॉक्सोचे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालचे) एफआयआर तिथे टाकतच नाहीत. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही २०१८ साली सुरू झाली, ती फक्त तपास यंत्रणांना उघडते. तुमच्या काळजीचं जे आहे नेमकं तेच तुम्हाला दिसत नाही.

आधारची झेरॉक्स कोणीही बनवतो. मूळ कार्डावरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत ॲपने स्कॅन करा. त्यातून येणारं नाव, पत्ता आणि फोटो समोरच्या बाईंशी आणि छापलेल्या मजकुराशी जुळवा. कोड उघडलाच नाही तर दुसरं ओळखपत्र मागा. जन्मतारखेवर मात्र विसंबू नका. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही. चेहरा सोळा-सतरा वर्षांचा वाटला तर शाळेचा दाखला मागा. अल्पवयीन मुलीच्या हाती बाळ द्यायचं नाही, एजन्सी काहीही म्हणो.

आता खरी तपासणी. आधीच्या घरचा फोन. माझ्या मते सगळ्या कागदांपेक्षा या पंधरा मिनिटांना जास्त किंमत आहे. नंबर एजन्सीकडून घेऊ नका, मावशींना विचारा: कुठली सोसायटी, कुठली विंग, बाळाचं नाव काय, तेव्हा ते केवढं होतं. मग त्या सोसायटीच्या वॉचमनकडून किंवा ऑफिसातून घरापर्यंत पोचा. गेटवर मायगेटसारखं ॲप असेल तर कुठल्या घरी, कधीपासून, किती दिवस येत होत्या याचा माग तिथेही लागतो. फोन दुपारी करा आणि बाळाच्या आईशीच बोला. सुरुवातीला एक तपशील मुद्दाम चुकवा. मुलगा असेल तर 'तुमची मुलगी केवढी झाली?' असं विचारा. खरी आई लगेच दुरुस्त करते, पढवलेला माणूस हो हो म्हणतो.

'कशा होत्या?' असं विचारलंत तर 'चांगल्या होत्या' एवढंच मिळेल. त्याऐवजी विचारा: बाळ जेवत नसेल तर काय करायच्या? दुपारी किती वेळ झोपायचं? सुट्टीनंतर सोमवारी त्यांना बघून बाळ कसं वागायचं? घरी कोणी भेटायला यायचं? काम कोणी सोडलं आणि किती दिवस आधी सांगून? शेवटी, 'दुसरं बाळ झालं तर यांनाच बोलवाल?' या प्रश्नावर पलीकडे शांतता पसरली तर तेच उत्तर समजा.

झोपेचा प्रश्न उगाच नाही. रडणारं बाळ गप्प करायला सर्दीचं सिरप पाजणं हा जुना प्रकार आहे, त्याने गुंगी येते. सात महिन्यांचं बाळ अचानक दुपारी चार-चार तास झोपायला लागलं आणि उठल्यावर मलूल दिसलं, तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या. औषधं कुलपात ठेवा.

पहिले सात दिवस घरातलं कोणीतरी घरी हवंच. हात धुऊन बाटली भरतात का, अंघोळीचं पाणी कोपराने बघतात का, बाळ पलंगावर सोडून फोन घ्यायला जातात का, हे बघा. दुसऱ्या आठवड्यात वेळ न सांगता घरी या. कॅमेरा लावलात तर त्यांना सांगून लावा आणि रेकॉर्डिंग रोज थोडं तरी बघा. २०१६ मध्ये खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाली तेव्हा तिथे सीसीटीव्ही चालूच होता. बाळाला लागलेलं आईला दिसल्यावर मग रेकॉर्डिंग तपासलं गेलं.

राहिला वाईट वाटण्याचा प्रश्न. 'गावाकडच्या ओळखीतली आहे, तिला कसली चौकशी, माणुसकी आहे की नाही?' हे घरातली मोठी माणसं म्हणतात, आणि त्यांच्या मानासाठी आईबाप गप्प बसतात. हे मला अजिबात पटत नाही. ओळख असते ती मावशींच्या भावाशी किंवा सासऱ्यांशी. त्या बंद दाराआड बाळाशी कशा वागतात हे त्यांच्यापैकी कोणी पाहिलेलं असतं? कष्टाने नाव कमावलेली बाई तर स्वतःहून म्हणते, करा फोन, विचारा.

पण एक लक्षात ठेवा. मावशी अचानक सोडून गेल्याचा राग म्हणूनही जुनी मालकीण वाईट सांगते, त्यामुळे एका फोनवर निकाल देऊ नका. जात, धर्म, नवरा काय करतो, हे बाळाच्या सुरक्षिततेचे प्रश्न नाहीत. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. आजार निघाला तर उपचार सुरू करून द्या, हाकलू नका. आणि एजन्सीची पुढची फी मूळ प्रमाणपत्र हातात पडल्यावरच द्या.