चेंडूला गळ लावू नकोस

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

फुटबॉलच्या मिशन दौऱ्यावर हाफटाइमला सांगायची म्हणून तू पाठवलेली साक्षीची, म्हणजे तुझ्या विश्वासाच्या अनुभवाची, दोन पानं वाचली. मनापासून लिहिली आहेस, पण तिथे चालायची नाहीत. हाफटाइम जास्तीत जास्त पंधरा मिनिटांचा. त्यात पोरं पाणी पिणार, पहिल्या गोलवरून भांडणार, आणि तुझं प्रत्येक वाक्य दुभाषी पुन्हा सांगणार. तुझ्या वाट्याला येतील तीन-चार मिनिटं. ‘कोकऱ्याच्या रक्तात धुतला गेलो’ हे वाक्य तर आधी काढ. मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, आपल्याला ते कळतं, येशूच्या बलिदानाने पापांची क्षमा मिळाली असं. चर्चची पायरीही न चढलेलं पोर ते ऐकून घाबरेल.

माझ्या पहिल्या दौऱ्याची गोष्ट तुला कधी सांगितली नाही, कारण लाज वाटते. आम्ही गावातल्या संघाला नऊ-शून्यने हरवलं. निम्मी पोरं अनवाणी होती, आमच्या पायात स्टड्सचे बूट. एकाच्या पायाचं बोट सोलवटलं, तरी आम्ही खेळत राहिलो. नंतर मी प्रेमावर बोललो! ऐकायला उरलं कोण, तर चेंडू परत न्यायला थांबलेला आमचाच माणूस. दुसऱ्या दिवशी आम्ही संघ मिसळले, अनवाणी खेळलो आणि रेफरी त्यांचा घेतला. संध्याकाळी त्यांच्यातल्या एकानेच विचारलं, “तुम्ही इतक्या लांबून कशाला आलात?” बोलायची वेळ ती होती. बायबलमध्ये पेत्राने पहिल्या पत्रात हेच सांगितलंय ना, तुमच्या आशेविषयी कोणी विचारलं तर उत्तर तयार ठेवा, पण सौम्यतेने द्या. विचारलं तर, हे आपण नेमकं विसरतो.

फुटबॉल आणि मिशन यांचं नातं जुनं आहे, आणि सगळंच गोड नाही. टिंडेल-बिस्को या मिशनऱ्याने 1891 साली श्रीनगरच्या मिशन शाळेत फुटबॉल आणला. ब्राह्मण मुलं चामड्याच्या चेंडूला पाय लावेनात, तेव्हा त्याने काठ्या घेतलेले शिक्षक उभे करून खेळ सुरू करवला. शाळेने पुढे नाव कमावलं, हे खरं. पण त्या काठीचं समर्थन मला आजही जमत नाही. आपल्या हातात आज काठी नसते, बुटांची खोकी असतात. ‘प्रार्थनेला बसेल त्याला बूट’ असं कोणी सुचवलं, तर तू उठून नाही म्हण. दौऱ्याचे पुढारी रागावले तरी चालेल. साक्षीचा एक शब्दही निघाला नाही तरी तो सामना पूर्ण वाटला पाहिजे. नाहीतर तो खेळ नव्हे, गळाला लावलेलं आमिष.

‘येशूला स्वीकारतो’ म्हणून हात वर करणाऱ्यांची मोजणीही करू नकोस. नवा संघ आला की तीच पोरं पुन्हा हात वर करतात, पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून. अहवालात आकडा फुगतो, एवढंच. आणि लहान मुलाचा निर्णय त्याच्या आईवडिलांना वगळून घ्यायचा नसतो. मुलाबरोबर एकट्याने कुठे थांबू नकोस, पालकांना विचारल्याशिवाय फोटो काढू नकोस. यात सूट नाही, तुझा हेतू कितीही निर्मळ असो.

तू निघण्याआधी तिथला कायदा वाच. नेपाळच्या 2015 च्या संविधानात दुसऱ्याचं धर्मांतर करण्यास मनाई आहे, आणि तिथल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर काढतात. ‘आम्ही तर खेळायला आलोय’ म्हणत पर्यटक व्हिसावर दुसरंच काम करणं मला तरी खोटेपणा वाटतो. शिवाय तुझं विमान सुटल्यावर पोलीस स्थानिक पाळकाच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या धर्मगुरूच्या, दारात येतात. म्हणून तिथले पाळक जिथे म्हणतील ‘इथे बोलू नका’, तिथे गप्प बसायचं. जागा त्यांची, जोखीमही त्यांची.

मैदानावरचे नियमही पाळ. ब्राझीलचा फुटबॉलपटू काका याने 2007 च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यानंतर जर्सीखालचा ‘मी येशूचा आहे’ हा मजकूर दाखवला होता, तो तुला फार आवडतो, ठाऊक आहे. पण खेळाच्या नियमांनुसार खेळाडूच्या कपड्यांवर, आतल्यासुद्धा, धार्मिक घोषणा चालत नाही. गावच्या मैदानावर कोणी अडवणार नाही, तरीही तो टी-शर्ट घरीच ठेव. तू पाडलेल्या पोराला हात देऊन उठवलंस आणि तुझ्याविरुद्ध चुकीने दिलेली फ्री-किक मुकाट्याने मान्य केलीस, की तेवढं पुरे.

सामानात पंप आणि सुया जास्तीच्या घे, सुया पहिल्याच दिवशी हरवतात. चेंडू हवा काढून ने, जागा वाचते. परतताना पंप तिथल्या मंडळीत ज्याच्याकडे मैदानाची किल्ली असते त्याला दे, पुढाऱ्याला नको. आणि साक्ष पुन्हा लिहून रविवारपर्यंत पाठव, एका पानाच्या आत.

तुझा,
जुना गोलकीपर