सायक्लोक्रॉस सायकलचे मागचे स्पोक सारखे तुटतात, टिकाऊ चाकं कोणती घ्यावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सायक्लोक्रॉसची (चिखल-गवतातल्या शर्यतीची) सायकल, तुमचं वजन ८५ किलो, डिस्क ब्रेक, सायकलसोबत आलेली २४ स्पोकची (तारांची) चाकं, एका मोसमात मागचे तीन स्पोक हबजवळच्या (हब म्हणजे चाकाचा मधला भाग) वाकावर तुटले. आता कार्बनची चाकं घ्यावीत का?

नको. मी मागे ३२ स्पोकचं, पुढे २८ किंवा ३२ स्पोकचं, अॅल्युमिनियम रिमचं, हाताने बांधलेलं चाक घ्या म्हणेन. स्पोक तुटण्याचं कारण रिमपेक्षा (चाकाच्या बाहेरच्या कड्यापेक्षा) स्पोकच्या ताणाशी जास्त संबंधित आहे.

वाकावर तुटलेला स्पोक एखाद्या दणक्याने तुटत नाही, तो थकून तुटतो. चाक फिरताना जमिनीलगतच्या स्पोकचा ताण दर फेरीला कमी होतो आणि परत येतो. ताण मुळातच कमी असेल तर तो स्पोक क्षणभर पूर्ण सैल पडतो, त्याचं डोकं हबच्या भोकात हलतं आणि वाकाशी बारीक चीर सुरू होते. मागच्या चाकात कॅसेटला (दातेरी चक्रांच्या संचाला) जागा द्यायची म्हणून हबची उजवी कड मध्याकडे सरकलेली असते. त्यामुळे डावीकडच्या स्पोकना उजवीकडच्यांच्या जेमतेम निम्मा-पाऊण ताण मिळतो. तुमचे तुटलेले स्पोक डावीकडचे असतील तर कारण हेच. उजवीकडचे असतील तर वाकाजवळ ओरखडे आहेत का बघा. चेन सर्वांत मोठ्या दातेरी चक्रामागे पडली की ती स्पोक खरवडते. तसं असेल तर आधी डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) लो लिमिट स्क्रू, म्हणजे चेनला आत जाण्यापासून अडवणारा स्क्रू, नीट लावा, नाहीतर नव्या चाकाचंही तेच होईल.

तीन तुटले म्हणजे बाकीचेही तितकेच थकलेत. एकेक बदलत बसण्यात अर्थ नाही.

स्पोक घ्यायचे ते २.०-१.८-२.० मिमी, म्हणजे दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये बारीक. बारीक स्पोक कमकुवत वाटतो, पण मधला भाग जास्त ताणला जात असल्याने तो लवकर सैल पडत नाही आणि वाकावरचा भार हलका होतो. डीटी स्विसचा कॉम्पिटिशन किंवा सॅपिमचा रेस, दोन्ही चांगले. सरळ डोक्याचे स्पोक लागणारं हब टाळा. वाकड्या डोक्याचा स्पोक कुठेही मिळतो. विणकाम तीन क्रॉसचं, म्हणजे प्रत्येक स्पोक त्याच बाजूच्या तीन स्पोकना ओलांडणारा. डिस्कच्या बाजूला सरळ अरीय विणकाम (स्पोक एकमेकांना न ओलांडता हबपासून थेट रिमकडे) चालतच नाही, कारण ब्रेकचा पीळ हबकडून रिमपर्यंत स्पोकच नेतात. निपल (स्पोक रिमला आवळणारे छोटे नट) पितळीच हवेत. अॅल्युमिनियमचे निपल चिखल, धुणं आणि टायरमधलं सीलंट (भोक बुजवणारा द्रव) यांनी गंजून जाम होतात आणि चाकाचा आऊट (डगमग) काढायला गेलं की चुरतात. दोन्ही चाकांत मिळून वाचतात पन्नासेक ग्रॅम. एवढा चिखल तर एका टायरवर बसतो!

रिम आतून १९ ते २३ मिमी रुंद आणि ट्यूबलेसला चालणारी घ्या. ३३ मिमी ही यूसीआयच्या (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या) शर्यतींतली टायरची मर्यादा आहे, त्या टायरला ही रुंदी बरोबर बसते. रिमचं वजन ४५० ते ५०० ग्रॅम असू द्या. हवा कमी ठेवून मुळांवर-दगडांवर चालवलं की कधीतरी रिम आपटणारच. अॅल्युमिनियमला पोचा पडतो, तो पकडीने बराचसा सरळ करून मोसम काढता येतो. चांगली कार्बन रिम कमजोर नसते, पण तिला तडा गेला की ती संपली.

हबमध्ये सीलबंद बेअरिंगचं डीटी स्विस ३५० माझ्या पसंतीचं. त्याची रॅचेट (पेडल थांबवलं तरी चाक फिरू देणारी यंत्रणा) हाताने उघडून पुसता येते आणि टोकाच्या टोप्या बदलून वेगवेगळ्या अॅक्सलला (चाकाच्या आसाला) बसवता येतं. शिमानोची छर्रे-कोनाची हबं स्वस्त आणि उत्तम आहेत, पण दर मोसमाला उघडून ग्रीस भरणाऱ्यांसाठीच. आतल्या वाटीला खड्डे पडले की हब बाद होतं.

ऑर्डर देण्याआधी मोजून घ्या. मागे १२×१४२ मिमी की जुनं १३५ चं क्विक रिलीज (खटक्याने उघडणारा आस)? पुढे १२×१०० की १५×१००? रोटर (ब्रेकची चकती) सेंटर लॉक (मधल्या एकाच कड्याने आवळला जाणारा) की सहा बोल्टचा? सेंटर लॉक हबवर अॅडॉप्टर लावून सहा बोल्टचा रोटर बसतो. शिमानोचा ११-स्पीड रोड फ्रीहब (कॅसेट बसते तो हबचा भाग) घेतलात तर जुनी १० स्पीडची कॅसेट १.८५ मिमीचा स्पेसर घालून बसते (काही कॅसेटना आणखी १ मिमीचा लागतो). कॅसेट आणि सेंटर लॉक, दोन्हींचं लॉकरिंग (पकडून ठेवणारं कडं) ४० न्यूटन मीटरने आवळा.

बांधणाऱ्याला स्पष्ट विचारा: मागच्या उजव्या बाजूला ११० ते १२० किलोचा ताण देणार का (रिम बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेच्या आत), आणि एकाच बाजूच्या स्पोकमधला फरक दहा टक्क्यांच्या आत राहील का? चाक नुसतं सरळ फिरतंय याला महत्त्व देऊ नका. ताण असमान असलेलं चाकही पहिल्या दिवशी सरळच फिरतं. प्रत्येक लांबीचे दोन-दोन स्पोक जास्तीचे मागून घ्या आणि लांब्या लिहून ठेवा. डिस्कच्या चाकांत डाव्या-उजव्या बाजूंची लांबी बहुधा वेगळी असते.

घरी रिम टेप आतल्या रुंदीपेक्षा २-३ मिमी रुंद लावा. ट्यूबलेस टायर बसवून हवा भरली की रिम दाबली जाते आणि स्पोकचा ताण थोडा उतरतो, म्हणून १००-१५० किमीनंतर ताण पुन्हा तपासून घ्या. चाक बदललं की रोटर किंचित इकडेतिकडे येतो. कॅलिपरचे (ब्रेक पॅड धरणाऱ्या भागाचे) दोन्ही बोल्ट ढिले करून, ब्रेक दाबून धरून परत आवळा. तुमच्या वजनाला ३३ मिमीच्या ट्यूबलेस टायरमध्ये मागे ३०-३२ पीएसआयपासून सुरुवात करा, पुढे दोन कमी. रिम आपटल्याचा आवाज आला तर दोनाने वाढवा. धुताना प्रेशरचा फवारा हबवर मारू नका, सील ओलांडून पाणी आत जातं आणि ग्रीस निघून जातं.

जुनं हब वाचवून ३२ भोकांची रिम लावायचा विचार असेल तर ते जमणार नाही, २४ भोकांच्या हबला २४ चीच रिम लागते. मात्र हब ठीक असेल आणि रिमला भोकांपाशी चिरा नसतील तर सगळे स्पोक-निपल नवे घालून ते चाक सरावाला किंवा शर्यतीत राखीव म्हणून ठेवता येईल.