खुराडं थंड ठेवायचं की बंद?

प्रश्न : पंधरा गावरान कोंबड्यांसाठी 10 बाय 6 फुटांचं, पत्र्याचं खुराडं आहे. तीन बाजूंना विटांच्या भिंती. मे महिन्यात भर दुपारी चार कोंबड्या मेल्या. पंखा लावू का? (यावल तालुका)

पंख्याचे पैसे राहू द्या, आधी भिंती उतरवा. जागा भरपूर आहे, कोंबडीमागे 4 चौरस फूट येते. अडलंय ते वारं. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडी टाकून धापा टाकणं हाच तिचा मुख्य उपाय, आणि कोंदट हवेत तोही चालत नाही. लांब बाजूंच्या भिंती जमिनीपासून दीड फूट ठेवा, वर जाळी लावा. भिंतींवर छताचा भार असेल तर आधी कोपऱ्यांत खांब उभे करून घ्या.

खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम असावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त आखूड बाजूंवर पडतं. तुमचं दक्षिणोत्तर असेल तर पाडू नका. पश्चिमेला तुरकाट्यांचा मांडव घाला आणि पत्रा भिंतीबाहेर 3 फूट काढा.

पत्र्यावर चुन्याचे दोन हात द्या, त्यावर केळीच्या वाळक्या पानांचा किंवा उसाच्या पाचटाचा सहा इंच थर तारेने बांधा. ठिबकची जुनी 16 मिमीची नळी आपल्याकडे घरोघरी पडलेली असते. ती आढ्यावरून फिरवून अकरा ते चार थोडं थोडं पाणी सोडा. पाचटाखालून विजेची वायर नेऊ नका. पहिल्या पावसाआधी हा थर काढायचाच, नाहीतर उंदीर येतात आणि त्यांच्या मागोमाग साप.

ओलं गोणपाट पश्चिमेच्या एकाच बाजूला टांगा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते उत्तम काम करतं. पण चारही बाजूंनी टांगलं की आतली हवा दमट होते आणि कोंबड्या आणखी लवकर मरतात. दाणा सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर द्या. पंधरा कोंबड्यांना एरवी साडेतीन-चार लिटर पाणी पुरतं, मेमध्ये दुप्पट धरा. पाणी मातीच्या भांड्यात, सावलीतच ठेवा.

प्रश्न : आवाराला दोन इंची चेन-लिंक जाळी आहे, तरी मुंगूस पिल्लं नेतो. (शिरपूर तालुका)

दोन इंचांच्या भोकातून मुंगूस शिरतो, त्याला उकरायचीही गरज नाही. षटकोनी कोंबडी-जाळीही कोंबड्यांना आत ठेवण्यापुरतीच, तिची तार कुत्रा फाडतो. खालच्या 3 फुटांना अर्धा इंची वेल्डेड जाळी लावा, वर चेन-लिंक राहू द्या.

जाळी सरळ खाली पुरतात, पण काळ्या जमिनीत तो उपाय टिकत नाही. उन्हाळ्यात माती आक्रसते आणि जाळीलगतच भेग पडते. त्यापेक्षा बाहेरच्या बाजूने दीड फूट रुंद, 4 इंच खोल पट्टा खणा, त्यात जाळी बाहेरच्या अंगाला आडवी पसरा आणि वर मुरूम-दगड दाबा. मुंगूस जाळीच्या बुडाशीच उकरतो, मागे सरून खणणं त्याला सुचत नाही. खांबांचे खड्डे 2 फूट खोल घ्या, काळ्या मातीऐवजी मुरूम-खडीने भरा, नाहीतर पावसाळ्यात खांब कलतात. दारही तपासा: उंबऱ्याखाली बोटभरही फट नको.

प्रश्न : कोंबड्या रात्री खुराड्यात जायला तयार नसतात, तुरे फिके पडलेत.

रात्री बॅटरी घेऊन कोंबड्या बसतात त्या दांड्यांच्या टोकांना आणि भिंतीच्या भेगांत पाहा. बहुधा गोचीड सापडेल. ती दिवसा फटीत लपते, रात्री रक्त पिते. महिनाभर खुराडं रिकामं ठेवणं व्यर्थ, ती महिनोन्महिने उपाशी जगते. कोंबड्या आणि पाचट बाहेर काढून भेगा ब्लो-लॅम्पने जाळा, सिमेंटने बुजवा, चुना मारा. पंधरा दिवसांनी पुन्हा पाहा. दांड्या भिंतीला टेकवू नका. पिल्लावस्थेतली गोचीड अंगावरच चिकटून असते, म्हणून कोंबड्यांसाठीचं औषध पशुवैद्यकाकडून घ्या.

प्रश्न : आवारावर वरून जाळी पुरेशी आहे का? (नवापूर)

घारी-कावळ्यांसाठी पुरेशी, पण रानपक्ष्यांची विष्ठा त्यातून खाली पडतेच. म्हणून दाणा-पाणी पत्र्याखालीच ठेवा. देशातली बर्ड फ्लूची पहिली नोंद फेब्रुवारी 2006 मध्ये तुमच्याच नवापुरात झाली. एकाएकी पुष्कळ कोंबड्या मेल्या तर त्यांना हात न लावता लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.